तापीकाठची मूस

सातमाळा आणि अजिंठ्याच्या रांगांपासून उत्तरेस सातपुड्यापर्यंत पसरलेल्या, तापी, गिरणा, पांझरा, बोरी आणि वाघूर या नद्यांनी भिजवलेल्या ज्या मुलखाचे सरकारने १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे पाडले, आणि एकाचे ठाणे जळगावी तर दुसऱ्याचे धुळ्यास ठेवले, त्या खानदेशच्या काळ्या पाषाणाखाली तांब्याची, कथलाची, चांदीची किंवा सोन्याची म्हणण्यासारखी एकही खाण नाही. कपाशीस अत्यंत अनुकूल अशी काळी माती ज्या लाव्हारसाच्या थरांपासून झाली, त्या थरांनी धातूच्या बाबतीत मात्र या प्रदेशाला कायमचे परावलंबी करून ठेवले. ज्या मुलखांत खनिज होते तेथील धातुकाराचे आयुष्य खनिज भाजून त्यातून धातू वेगळा काढण्यात गेले. खानदेशच्या कारागिराच्या हाती धातू आला तो लगडीच्या, नाण्याच्या किंवा फुटक्या भांड्याच्या रूपाने, म्हणजे पूर्वी एकदा तरी वितळून थिजलेला. आलेली मोड पुन्हा वितळवावी, साच्यात ओतावी आणि निवू द्यावी, एवढाच त्याचा व्यवसाय. आणि म्हणून येथील धातुकामाचा इतिहास लिहावयाचा तर तो खाणीचा किंवा भट्टीचा नव्हे, तर थिजण्याचा लिहावा लागेल. आमच्या संशोधकांनी भट्टीची राख पुष्कळ चाळली. मूस भट्टीबाहेर आल्यानंतरच्या त्या घटकाभरात आतल्या रसाचे काय होते, याची चौकशी त्यांनी क्वचितच केली, असे खेदाने म्हणणे भाग आहे.

हा व्यवसाय या खोऱ्यात किती जुना आहे याची साक्ष जमिनीनेच दिली. गिरणाकाठी बहाळ येथे म. न. देशपांडे यांनी १९५२ मध्ये आणि पुन्हा १९५६-५७ मध्ये, व तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे येथे बा. कृ. थापर यांनी १९५५ मध्ये उत्खनन केले, तेव्हा रंगीत खापरांच्या आणि दगडी पात्यांच्या जोडीने तांब्याचा वापर करणारी वस्ती उजेडात आली. पुढे तापीकाठच्या सावळदा या गावाचे नाव एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीस मिळाले, आणि साक्री तालुक्यातील कावठे येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्याच संस्कृतीची वस्ती उकरली. या लोकांजवळ तांबे होते, पण थोडे. जेथे धातू दुर्मीळ तेथे मोडलेली वस्तू फेकली जात नाही, ती पुन्हा मुशीत जाते, आणि प्रत्येक आटणीत तिची पूर्वीची अंतर्रचना समूळ पुसली जाऊन नवी घडते.

सावळदा संस्कृतीचाच थर ज्या स्थळी सर्वांत खाली सापडला ते दायमाबाद खानदेशाच्या दक्षिणेस, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी आहे. तेथे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्यास झुडपाचे मूळ खणताना चार प्रतिमा मिळाल्या: बैलजोडीचा रथ हाकणारा पुरुष, रेडा, हत्ती आणि गेंडा. रथाची लांबी ४५ सेंटीमीटर, रेड्याची उंची ३१; आणि चौघांचे मिळून वजन साठ किलोग्रॅमांहून अधिक. पुढे शां. अ. साळी यांनी १९७५ ते १९७९ या काळात त्या टेकाडाचे विस्तृत उत्खनन केले. या प्रतिमांच्या काळाविषयी पंडितांत जो वाद झाला त्याचे एक कारण असे, की त्यांच्या पृथक्करणात सोमलाचे, म्हणजे आर्सेनिकाचे, प्रमाण शेकडा एकाहून अधिक आढळले, आणि दख्खनच्या इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत ते तसे आढळत नाही, असा आक्षेप धर्मपाल अगरवाल यांनी घेतला. त्या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही. परंतु या प्रतिमा पोकळ नसून भरीव ओतलेल्या आहेत, आणि भरीव ओतकामात गाभा व पृष्ठभाग यांचे घटकप्रमाण एकच असते असे गृहीत धरता येत नाही, एवढे मात्र निश्चयाने म्हणता येते. असे का, हे समजण्यासाठी साच्याच्या आत डोकावले पाहिजे.

शुद्ध धातू एका ठराविक उष्णतामानावर थिजतो: तांबे १०८५ अंशांवर, सोने १०६४ वर, चांदी ९६२ वर. मिश्रधातूचा न्याय निराळा. शेकडा दहा कथील घातलेले कांसे हजार अंशांच्या आसपास थिजू लागते, आणि त्याचा शेवटचा थेंब घट्ट होईपर्यंत उष्णतामान आठशेच्या जवळ उतरलेले असते. मधल्या दोनशे अंशांत साच्यामध्ये घन आणि द्रव एकत्र नांदत असतात. या अवधीत घन भाग सरळ भिंतीसारखा पुढे सरकत नाही. साच्याच्या थंड कडेपासून नेच्याच्या पानासारखे शाखा-उपशाखांचे स्फटिक आत वाढू लागतात, आणि त्यांच्या फांद्यांच्या फटींत अजून न थिजलेला रस अडकून राहतो. चेर्नोव्ह या रशियन धातुशास्त्रज्ञाच्या नावाने प्रसिद्ध असलेला असा एक पोलादी स्फटिक शंभर टनांच्या ओतीव ठोकळ्यात सापडला. तो ३९ सेंटीमीटर लांब आणि ३.४५ किलोग्रॅम वजनाचा आहे. आपल्या देव्हाऱ्यातील पितळी बाळकृष्णाच्या पोटातही तेच अरण्य असते, फक्त सूक्ष्मदर्शकाखेरीज दिसत नाही.

हे स्फटिक वाढताना मिश्रणातील दोन्ही घटक सारख्याच प्रमाणात स्वीकारत नाहीत. कांशातील पहिला स्फटिक तांबे अधिक घेतो आणि कथील बाहेर ढकलतो, त्यामुळे उरलेला रस उत्तरोत्तर कथलाने गढूळ होत जातो. हा रस स्थिर राहिला असता तर गोष्ट येथेच संपली असती. पण तो स्थिर राहत नाही. साच्याच्या भिंतीलगतचा रस आधी निवतो, निवल्यामुळे जड होतो आणि कडेने खाली उतरतो. मधला उष्ण रस वर चढतो. आणि साच्याच्या आत एक अदृश्य प्रदक्षिणा चालू होते. तिलाच शास्त्रकार संवहन म्हणतात. त्यात आणखी गुंतागुंत अशी, की कथील तांब्याहून हलके असल्याने कथिलाढ्य रस घटकांच्या दृष्टीने वर जाऊ पाहतो, आणि थंड असल्यामुळे खाली. या दोन ओढींपैकी कोणती प्रबळ ठरते ते साच्याच्या आकारावर, जाडीवर आणि निवण्याच्या गतीवर अवलंबून असते. शिवाय थिजताना धातू आकसतो, आणि आकसण्याने पडणाऱ्या पोकळ्या भरून काढण्यासाठी फांद्यांच्या फटींतला तो शेवटचा, कथलाने भरलेला रस बाहेरच्या कडेकडे ओढला जातो. परिणामी जेथे सर्वांत आधी थिजले त्या पृष्ठभागावरच कथील अपेक्षेहून अधिक मिळते. कधी कधी तर ओतीव कांशाच्या अंगावर रुपेरी घाम फुटल्यासारखा दिसतो. सोमलयुक्त तांब्याचेही असेच होते. म्हणून दायमाबादच्या रेड्यात सोमल किती, या प्रश्नाआधी नमुना कातडीवरून घेतला की गाभ्यातून, हा प्रश्न विचारणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

प्रवाहाचे दुसरे कार्य याहून महत्त्वाचे. हा फिरता रस वाढत्या स्फटिकांच्या फांद्यांना घासत जातो, त्यांच्या देठांशी उष्ण किंवा घटकांनी समृद्ध द्रव नेऊन तो देठ वितळवतो, आणि सुटलेले तुकडे साच्याच्या मध्यभागी वाहून नेतो. तेथे ते विरघळून न गेले तर प्रत्येक तुकडा नव्या कणाचे बीज होतो, आणि गाभ्यात बारीक, चहूबाजूंनी सारखे वाढलेले कण तयार होतात. प्रवाह नसेल, किंवा रस इतका तापवलेला असेल की सुटलेले तुकडे त्यात पुन्हा वितळून जातील, तर कडेपासून गाभ्यापर्यंत लांबच लांब स्तंभाकार स्फटिक उभे राहतात, आणि ते जेथे एकमेकांस भिडतात तेथे घणाचा घाव बसताच धातू तडकतो. रस फाजील तापवू नये, साचा अगदी थंड नसावा, धार मध्येच तुटू नये आणि भसकन ओतू नये, असे जे नियम महाराष्ट्रातील ओतारी बापाकडून मुलाकडे देत आले, ते सर्व अखेरीस या एका प्रवाहाचे नियमन करणारे आहेत. त्यांना त्याचा कार्यकारणभाव ठाऊक होता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु बैलाच्या गळ्यातील घंटा फुटकी वाजली तर गिऱ्हाईक ती परत आणते, आणि पोळ्याच्या तोंडावर परत आलेल्या मालाइतका कठोर परीक्षक कोणत्याही विद्यापीठात बसत नाही.

या विद्येचा शास्त्रग्रंथांतील मागोवा घेऊ गेल्यास बाराव्या शतकापाशी थांबावे लागते. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मेणाची मूर्ती घडवून, तिच्यावर मातीचे लेप देऊन, मेण वितळवून काढून त्या पोकळीत धातू ओतण्याचा विधी सांगितला आहे. त्यात मेणाच्या वजनाच्या बारापट चांदी आणि सोळापट सोने घ्यावे असे प्रमाण दिले आहे. चांदीचे प्रमाण विशिष्टगुरुत्वाशी बरेच जुळते. शुद्ध सोन्याचे मात्र गणित वीसपटींच्या जवळ जाते, आणि सोळापट हे प्रमाण आजच्या १८ कॅरेटच्या सोन्यास बरोबर लागू पडते. राजाज्ञेने लिहिलेल्या ग्रंथातही मूर्तीचे सोने हिणकस धरले असावे, हे माझे अनुमान कोणास आवडले नाही तर त्यांनी खुशाल सोडून द्यावे.

त्याच शतकात, शके १०७२ च्या सुमारास, भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ लिहिली, आणि तिच्यामुळे आपण पुन्हा खानदेशात येतो. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील देवळात डॉ. भाऊ दाजी यांना मिळालेला शके ११२८ चा शिलालेख सांगतो, की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणि आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्यास दान दिले. आचार्यांच्या जन्मगावाचा वाद येथे नको. त्यांच्या गणिताचे पठण या डोंगरपायथ्याशी नियमाने होत होते, एवढे आपल्यास पुरे. या ‘लीलावती’त सुवर्णगणित नावाचे एक प्रकरण आहे. निरनिराळ्या वर्णांचे, म्हणजे कसांचे, सोन्याचे तुकडे एकत्र आटवले तर प्रत्येकाचे वजन त्याच्या वर्णाने गुणावे, गुणाकारांची बेरीज करावी, तिला एकूण वजनाने भागावे, म्हणजे मिश्र सोन्याचा वर्ण निघतो. आणि शोधनात वजन घटले तर घटलेल्या वजनाने भागावे. नियम निर्दोष आहे. मात्र त्याच्या पोटात एक गृहीतक दडलेले आहे, ते असे, की आटवलेले सोने सर्वत्र एकच असते.

ते तसे असावे यासाठी सोनार मुशीतला रस ढवळतो. सोने पाण्याच्या एकोणीसपटींहून जड, तांबे नऊपटींच्या आत; तुकडे एकत्र टाकून नुसता विस्तव दिला तर तांबे वर आणि सोने तळाशी बराच वेळ राहू शकते, आणि वरून घेतलेल्या नमुन्याचा कस एक तर लगडीचा दुसराच निघतो. ढवळणे हे माणसाने हाताने घडवलेले संवहनच होय. सुदैवाने सोने-चांदी या जोडीच्या बाबतीत थिजण्याचा अवधी अवघ्या काही अंशांचा असल्याने एकदा नीट मिसळलेला रस थिजताना फारसा विलग होत नाही, आणि आचार्यांचे गणित लगडीतही खरे ठरते.

चांदी आणि तांबे यांच्या जोडीने मात्र सराफांची आणि सरकारांची तितकी गय केली नाही. फारुकी सुलतानांचे बऱ्हाणपूर हे जुन्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे, आणि मोगली अमलात तेथे टांकसाळ होती; निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये बाजारात एकत्र चालत असल्याने प्रत्येकावर बट्टा ठरविणे हा सराफाचा नित्याचा उद्योग, आणि वसुलात आलेले नाणे पारखून देणे हे पोतदाराचे वतनी काम. कसोटीवर ओढलेली रेघ नाण्याच्या पृष्ठभागाची साक्ष देते, पोटाची देत नाही, हे चोख पारख्यास ठाऊक असे. म्हणून संशयित नाणे कातरून पाहण्याची चाल पडली. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने १८० ग्रेनांचा, बारा भागांत अकरा भाग चांदीचा असा एकच रुपया चालू केला, आणि बट्ट्याची कटकट हळूहळू मिटली. पण त्या मिश्रणाचा स्वभाव कायद्याने बदलण्यासारखा नव्हता. हे मिश्रण ९०० अंशांच्या आसपास थिजू लागते आणि त्यातील तांब्याने भरलेला शेवटचा रस ७७९ अंशांवर घट्ट होतो. फ्रेंच पारखी लेव्होल याने दाखवून दिले होते, की शेकडा ७२ च्या किंचित आत चांदी असलेले एकच मिश्रण सर्वत्र सारखे थिजते. आणि लंडनच्या शाही टांकसाळीचे रसायनज्ञ विल्यम चँडलर रॉबर्ट्स यांनी १८७५ साली सिद्ध केले, की त्याहून अधिक चांदीच्या ठोकळ्यात गाभा कडेपेक्षा चांदीने श्रीमंत असतो आणि त्याहून कमी चांदीच्या ठोकळ्यात उलट. म्हणजे बारीक फटींतून बाहेर ओढल्या जाणाऱ्या त्या रसाने टांकसाळीच्या दप्तरातही आपली नोंद करून ठेवली होती.

रुपया आटवून दागिना करणे ही सातपुड्याच्या पायथ्याची जुनी रीत. पावरा आणि भिल्ल स्त्रियांच्या अंगावरील जाड चांदी ही त्यांची साठवणीची पेढीच होती, आणि कपाशीचा पैसा हाती आला की चोपडे, शिरपूर, शहादे येथील सोनाराकडे नाणी जात. जाड कडे ओतून मग ठोकून घडवावयाचे असेल, तर ओतीव दांडी पातळ साच्यात झपाट्याने निववणे सोनाराच्या हिताचे असते, कारण त्यायोगे आतल्या रसाला फिरण्यास अवसर मिळत नाही आणि फांद्या बारीक राहतात; दांडी जितकी जाड आणि निवणे जितके सावकाश, तितका विलगपणा अधिक. १९४० मध्ये सरकारने रुपयातील चांदी निम्म्यावर आणली आणि उरलेल्यात तांब्याबरोबर निकेल व जस्तही घातले, तेव्हा या रीतीचा आधारच गेला.

पितळेची तऱ्हा आणखी वेगळी. जस्त ९०७ अंशांवर उकळते, म्हणजे तांबे वितळण्याच्या बरेच आधी. त्यामुळे पितळेची मूस उघडताच पांढरा धूर उठतो, आणि वर येणारे ते बुडबुडे रस आपोआप घुसळतात. मात्र प्रत्येक आटणीत थोडे जस्त धुरावाटे जाते, आणि मोडीवर मोड आटवत गेलेले पितळ हळूहळू तांबूस होत जाते. कासाराच्या दुकानात जुन्या भांड्यास मोडीचा भाव देताना जी घट धरतात तिच्यात या धुराचाही वाटा असतो. तेवढ्यापुरती तरी ती लबाडी नव्हे.

आता एका गंमतीच्या योगायोगाकडे वळू. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करणारा कारागीर तापलेल्या भांड्यावर नवसागराची पूड टाकतो, भांडे त्याने स्वच्छ होते आणि कथील धरते. हाच नवसागर पाण्यात विरघळवून, त्या द्रावणाला खालून थंडी देऊन, धातूच्या पोटात न दिसणारे दृश्य काचेच्या भांड्यात पाहण्याची युक्ती पाश्चात्त्य संशोधकांनी काढली, कारण नवसागराचे स्फटिक धातूप्रमाणेच फांद्या फोडून वाढतात. विमानाच्या जेट एंजिनांतील पाती एका दिशेने थिजवताना त्यांत कणांच्या उभ्या रेघा, जणू अंगावरचे वांग, उमटत. त्यांचे मूळ कोपली, जिआमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये याच द्रावणातून उलगडले. नवसागर स्फटिकांत गेल्यावर मागे उरलेला द्रव हलका होतो, आणि तळाशी थंडावा असूनही फांद्यांच्या जाळीतून तो धुराच्या झोतासारखा वर उसळतो. वाटेतल्या फांद्या विरघळवीत तो आपल्यासाठी नळी कोरतो, सुटलेले तुकडे तिच्यात अडकून राहतात, आणि धातूत तीच नळी दोषाची रेघ होऊन बसते. हा प्रयोग आमच्या शाळांत का दाखवीत नाहीत, कोण जाणे. त्यास लागणारी सामग्री धुळ्याच्या कोणत्याही बाजारात मिळण्यासारखी आहे.

गेल्या शतकाच्या साठच्या दशकापासून असे संशोधन पुढे गेले, तसे प्रवाह हा नुसता उपद्रव नसून साधनही आहे, ही जाण वाढली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत फ्लेमिंग्ज आणि त्यांच्या शिष्यांनी अर्धवट थिजलेला मिश्रधातू सतत ढवळून पाहिला, तेव्हा त्यातील शाखायुक्त स्फटिक गोळ्यांसारखे गोलसर झाले आणि तो घट्ट लापशीसारखा सहज वाहू लागला. त्यातून एक स्वतंत्र उत्पादनपद्धतीच निर्माण झाली. विस्तवाऐवजी विद्युत्प्रवाहाने धातू वितळविणाऱ्या भट्टीत तर ढवळण्यासाठी दांडीही लागत नाही; धातूत उत्पन्न होणारा प्रवाह आणि चुंबकक्षेत्र यांच्या परस्परबलाने रस स्वतःच फिरत राहतो.

कापूस, रेल्वे आणि १८७० नंतरच्या दशकांत मुळजी जेठा यांनी उभारलेली कापडगिरणी यांनी वाढवलेल्या जळगावास पुढे सुवर्णनगरी म्हणू लागले, ते येथील सोन्याच्या चोखपणाच्या कीर्तीमुळे. या कीर्तीचा भार झारेकऱ्यापासून टंच काढणाऱ्यापर्यंत अनेकांनी वाहिला आहे. सन २००० पासून सोन्यावर सरकारी प्रमाणचिन्ह येऊ लागले, आणि क्ष-किरणांचे यंत्र क्षणात कस सांगू लागले. हे किरण सोन्याच्या पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरापुरतेच उत्तर देतात, म्हणून अंतिम निर्णयासाठी नमुना कापून, शिशाबरोबर कुपीत जाळून, मग तराजूत घालून तोलण्याची जुनी अग्निपरीक्षाच आजही प्रमाण मानली जाते. आणि मोठ्या लगडीचा नमुना घ्यावयाचा असेल, तर तो एकाच कोपऱ्यातून न घेता वरून आणि खालून, आरपार भोक पाडून घ्यावा लागतो.